सुफ्फा ते सोफा

सातवीच्या वर्गात मस्जिद-ए-नबवीविषयी सांगत होते. फळ्यावर 'असहाब-ए-सुफ्फा' असे लिहून मुलांकडे वळले, तर मागच्या बाकावरून एकाने विचारले, "टीचर, सुफ्फा याने सोफा?" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. शिक्षकाच्या हातून असे वारंवार घडते. मुलाचा प्रश्न खरा असतो आणि आपल्याला धडा संपवायचा असतो.

त्या दिवसांत आमच्या घरी सोफ्याचीच चर्चा चालू होती, म्हणून तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. रात्री वह्या तपासताना एकदम लक्षात आले की उर्दूत आपण सोफा 'स्वाद'ने लिहितो, 'सीन'ने नाही. स्कूल, स्टेशन, सिनेमा हे इंग्रजीतून आलेले सगळे शब्द सीनने. मग एकट्या सोफ्यालाच अरबी स्वाद का? ज्यांनी हा शब्द उर्दूत असा लिहिला, त्यांना त्याचे गोत्र माहीत असावे. शब्दकोश उघडले, तर मुलगा बरोबर होता. अरबीतला 'सुफ्फा' म्हणजे ओटा, छपराखालची बसायची जागा. तुर्कीत गेल्यावर त्याचा 'सोफा' झाला, तेथून तो फ्रेंच-इंग्रजीत शिरला आणि साहेबाच्या सामानाबरोबर आपल्याकडे परतला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची माफी मागितली.

हिजरतीच्या दुसऱ्या वर्षी किब्ला बैतुल मुकद्दसकडून काबागृहाकडे वळला, हे आपण जाणतो. त्यामुळे मशिदीची उत्तरेकडची, जुन्या किब्ल्याची बाजू मोकळी झाली. त्या बाजूवर खजुराच्या फांद्यांचे छप्पर घालण्यात आले. मदीनेत ज्यांना घर नाही, ज्यांचे कोणी नातेवाईक नाहीत, असे लोक त्या छपराखाली राहू लागले. तेथेच बसायचे, तेथेच शिकायचे आणि रात्री तेथेच आडवे व्हायचे. हजरत अबू हुरैरा त्यांच्यापैकीच एक. त्यांची संख्या कायम नव्हती. कोणाचे लग्न होई, कोणाला काम मिळे, तो निघून जाई आणि दुसरा येई. इस्लामी शिक्षणाचा इतिहास लिहिणारे अनेक जण सुफ्फ्याला पहिली निवासी शाळा मानतात. 'सूफी' हा शब्दही येथूनच निघाला, असे काही जण म्हणतात. पण भाषेचे जाणकार तो 'सूफ', म्हणजे लोकर, या शब्दाकडे नेतात. मला त्यांचेच पटते.

म्हणजे आज दिवाणखान्यात ज्याची किंमत पाहुण्यांच्या डोळ्यांत मोजली जाते, त्या वस्तूचे नाव बेघरांच्या ओट्यावरून आले. ओट्यापासून खुर्चीच्या मोठ्या बहिणीपर्यंतचा प्रवास तुर्कस्तानात झाला. तुर्की घरांत 'सोफा' म्हणजे खोल्यांच्या मधली बैठकीची जागा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातले चौथे अंगण 'सोफा-ए-हुमायूँ' या नावाने ओळखले जाते. भिंतीलगतचे उंच चौथरे, त्यांवर गालिचे, गाद्या, उशा असा तेथला थाट. युरोपचे व्यापारी आणि वकील ते पाहून घरी गेले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समधल्या सुतारांनी त्या चौथऱ्याला पाय लावले, पाठ लावली, हात लावले. भिंतीत बांधलेला ओटा उचलून नेता येऊ लागला. मूळ नाव मात्र त्यांनी टाकले नाही. 'ऑटोमन' नावाची बिनपाठीची बैठक तर सरळ उस्मानी राज्याचेच नाव घेऊन फिरते.

'दिवाण' या शब्दाची कथा याहून रंजक आहे. हजरत उमर यांच्या खिलाफतीत सैनिकांच्या आणि हक्कदारांच्या तनख्याची जी नोंदवही सुरू झाली, ती दीवान. पुढे वही ठेवणारी कचेरी दीवान झाली, कचेरी चालवणारा वजीर दीवान झाला आणि कचेरीत भिंतीला लागून ज्या गाद्यांवर लोक बसत, त्याही दीवान झाल्या. शायराच्या गझलांचा संग्रह म्हणजेही दीवान. मराठीने यातले बरेच काही घेतले: दिवाणी दावा, दिवाणजी, दिवाणखाना आणि पेटीवजा पलंगाला म्हणतात तो दिवाण. 'खुर्ची' तर आयतुल कुर्सीतली 'कुर्सी'च. तख्त, तक्क्या, गालिचा, जाजम, सतरंजी, मखमल हे शब्द काढून घेतले, तर मराठी माणसाला पाहुणा घरी आल्यावर पाटावर बसवण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मराठीला कोणी नाक मुरडले, की हे शब्द माझ्या मदतीला येतात.

पण बसण्याच्या वस्तूंचा इतिहास केवळ शब्दांचा नाही. कोणी बसायचे आणि कोणी उभे राहायचे, याचाही तो इतिहास आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास पोहोचला. खानदेशातल्या त्या शहरी जहांगीराचा मुलगा शाहजादा परवेझ याचा दरबार होता. रोने खुर्ची मागितली. या जागी कधी कोणी बसलेला नाही, असे उत्तर मिळाले आणि वकील उभाच राहिला. पावणेदोनशे वर्षांनंतरचा प्रसंग पुण्याचा. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध पेशव्यांशी इंग्रजांचा तह झाला. टॉमस डॅनियल या चित्रकाराने पुढे १८०५ मध्ये त्या दरबाराचे मोठे चित्र रंगवले. त्यात सवाई माधवरावांसमोर वकील चार्ल्स मॅलेट आणि त्याचे लोक दरबाराच्या रीतीप्रमाणे खाली गालिच्यावर बसलेले दिसतात. आखूड कोट, घट्ट विजारी घालून मांडी घालणे त्यांना किती जड गेले असेल!

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे उलटे झाले. आता साहेब खुर्चीत आणि आपण समोर उभे. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः पंजाबात, इंग्रज अधिकारी निवडक लोकांना 'कुर्सीनशीन' असल्याची सनद देत. साहेबाच्या भेटीला गेल्यावर याला बसायला खुर्ची द्यावी, एवढाच तिचा अर्थ. लोक ती सनद जपून ठेवत. ज्या समाजाला गालिच्यावर बसण्याचा हजार वर्षांचा सराव होता, त्याला खुर्चीत बसण्याचा परवाना अभिमानाने मिरवावासा वाटू लागला! त्या काळातली कौटुंबिक छायाचित्रे पाहा. नवरा खुर्चीत, हात मुठीच्या काठीवर आणि बायको शेजारी उभी. गावगाड्यात तर काही जातींना वरच्यांसमोर स्वतःच्या अंगणातल्या खाटेवरही बसता येत नसे. त्यांच्यासाठी साहेबाच्या सनदेची गरज नव्हती. नियम आपल्याच लोकांनी केले होते.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाच्या कोरीव कोचांची मोठी निर्मिती होऊ लागली. वेली, फुले, पक्षी, सिंहाचे पंजे असे ते काम साहेबांच्या बंगल्यांत आणि श्रीमंत पारशी, हिंदू, मुसलमान व्यापाऱ्यांच्या घरांत गेले, काही परदेशीही गेले. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर त्यातली एखादी वस्तू आजही दिसते. पण शिसवापेक्षा मला सागवानाचे कौतुक जास्त. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये येथे पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात अजून तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे खारे पाणी सोसलेले हे लाकूड. दुकानदार ज्या सहजतेने 'सागवान है, बाजी' म्हणतो, तेव्हा मला ते जहाज आठवते.

आता आमच्या घराकडे येते. आमचे मूळ सातारा जिल्ह्यातले. अब्बा मुंबईला आले ते भायखळ्याजवळच्या चाळीत. दहा बाय बाराची खोली, तीत एक लोखंडी कॉट. कॉटखाली ट्रंका, पिठाचा डबा, गोधड्या. कॉटवर पाहुणा किंवा अब्बा. बाकी सगळे चटईवर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत नऊशे माणसे गेली, हा आकडा श्रीकृष्ण आयोगाने नोंदवला. आमच्या घरातले कोणी गेले नाही. पण घर गेले; म्हणजे उभे होते, तिथे राहण्याची हिंमत गेली. मी तीन-चार वर्षांची असेन. मला आठवतो तो एक टेम्पो आणि त्यावर पाय वर करून ठेवलेली आमची कॉट. अशा टेम्पोंनी त्या वर्षांत मीरा रोडची वाट धरली. मिठागरांच्या आणि खाडीच्या या गावांची नगरपालिका १९८५ मध्ये झाली होती. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ पर्यंत आकडा आठ लाखांच्या पुढे पोहोचला. यातले सगळेच भीतीने आले नाहीत. स्वस्त घरासाठी आलेले मराठी, गुजराती, ख्रिस्ती, उत्तरेकडचे पुष्कळ. पण आम्ही ज्या इमारतीत आलो, तिथल्या प्रत्येक मजल्यावर एखादी अशीच कॉट चढली होती.

नव्या घराला 'हॉल' होता. हॉल म्हटला की सोफा हवा, हे कोण ठरवते कोणास ठाऊक, पण ते ठरलेले असते. मोठ्या बहिणीला पाहायला येणारे लोक कॉटवर कसे बसवायचे, हा प्रश्न अब्बांना पडला. २००३ मध्ये त्यांनी हप्त्यांवर सोफासेट आणला. तीन अधिक एक अधिक एक, गर्द तपकिरी रेक्झिन, सोनेरी खिळे. दुकानदाराने आत साग असल्याचे सांगितले. त्यावर प्लास्टिकचे आवरण वर्षभर तसेच होते. पाहुणे बसले, की चरचर आवाज यायचा आणि उठताना ते पाठीला चिकटायचे. अम्मी त्या सोफ्यावर बसलेली मला एकदाही आठवत नाही. ती तो रोज पुसायची.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे खाडी आणि आकाश एक झाले. आम्ही तळमजल्यावर, गुडघ्याच्या वर पाणी घरात. पाणी ओसरल्यावर कॉट धुऊन उन्हात ठेवली, दोन दिवसांत ती वापरात आली. सोफा मात्र फुगला. रेक्झिन उसवले तेव्हा आतून साग निघाला नाही. भुसा दाबून केलेले फळकुट, खोक्यांचे लाकूड आणि दोरखंडाऐवजी गोणपाट निघाले. तोपर्यंत सारे हप्ते फिटले नव्हते. अब्बांनी नसलेल्या सोफ्याचे आणखी चार हप्ते भरले. दुकानदाराशी भांडायला ते गेले नाहीत. सगळ्या मोहल्ल्याचे नुकसान झाले असताना सोफ्याचे रडगाणे कसले, असे त्यांचे म्हणणे. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मुलाकडच्यांच्या यादीत पलंग, कपाट यांच्याबरोबर 'अच्छा सोफासेट' होता. जहेजला नाव वेगळे दिले, 'खुशी से' म्हटले, तरी यादी ती यादीच. अब्बांनी ती परत पाठवली, त्या स्थळालाही परत पाठवले. बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडे, यादीशिवाय झाले.

त्यानंतर अनेक वर्षे आमच्या हॉलमध्ये कॉट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. अब्बा गेले. आता अम्मीचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. खाली बसली तर दोघांनी उठवावे लागते. नमाज खुर्चीवर पढते. प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर जोर दिला, की खुर्ची सरकते. डॉक्टर म्हणाले, बसायची जागा उंच आणि घट्ट पाहिजे. म्हणून सोफा. यावेळी निवड तिच्यासाठी करायची होती आणि मी ठरवले होते की कापडाकडे शेवटी बघायचे.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडच्या दुकानांतून हिंडलो, उल्हासनगरलाही जाऊन आलो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचे ते शहर. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर सोडून आलेल्या माणसांनी दुसऱ्यांची घरे सजवण्याचा मोठा बाजार उभा केला, याचे मला नवल वाटत नाही. शेवटी काम मिळाले ते आमच्याच भागातल्या एका छोट्या कारखान्यात. कारागीर सहारनपूरकडचा. त्या शहराची लाकडावरची नक्षी प्रसिद्धच आहे आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मुसलमान कारागीर करत आले आहेत. त्याने मला पहिली गोष्ट शिकवली: "बाजी, सोफा बैठ के नहीं, उलटा कर के देखो."

उलटा केल्यावर खालचे काळे कापड टाचण्यांनी ठोकलेले दिसते. त्याचा एक कोपरा उचलायला सांगावा. जो दुकानदार उचलू देत नाही, त्याला सलाम करून निघावे. आत सांगाडा दिसतो. लाकडाचे टोक दुसऱ्या लाकडाच्या खोबणीत बसवून सरस लावलेला आहे, की नुसत्या टाचण्यांनी जोडले आहे? कोपऱ्यात तिकोनी ठोकळा स्क्रूने आवळला आहे का? पुढचा एक पाय हाताने वीतभर उचलला, तर दुसरा पायही लगेच उचलला गेला पाहिजे. तो जमिनीवरच राहिला, तर सांगाडा पिळतो आहे असे समजावे. आमच्यासारख्या दमट हवेत भुशाचे फळकुट चालत नाही. साग परवडत नसेल, तर वाळवलेले दुसरे कठीण लाकूड चालते, आणि प्लायवूड घ्यायचेच तर पाणी सोसणारे, ज्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो ते. सांगाड्यावर पट्ट्या विणलेल्या असतात. त्या पाहून अम्मी म्हणाली, "ये तो नवार है!" खरेच होते. आता पट्टीत रबर असते एवढेच. विणण्याची रीत पलंगाच्या नवारीचीच, एक आडवी एक उभी.

फोमचे गणित मी वर्गात शिकवावे इतके सोपे आहे. एक घनमीटर फोमचे वजन जितके किलो, तितकी त्याची घनता. बसण्याच्या भागाला ३२ ते ४० हवी, पाठीला कमी चालते. हलका फोम पहिल्या दिवशी जास्त मऊ लागतो, म्हणून गिऱ्हाईक फसते. वर्षभरात त्याची खोबण होते. पूर्वी काथ्या, घोड्याचे केस, कापूस भरत. आजचा फोम ज्या रसायनातून होतो, ते १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधले. या शोधाने सोफा स्वस्त झाला, सामान्यांच्या घरात आला; पण फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात फर्निचर विभागाला आग लागून दहा जण गेले. अशा आगींनंतर ब्रिटनने १९८८ मध्ये सोफ्याच्या फोम-कापडाचे कडक नियम केले. आपल्याकडे सोफ्याच्या पायाशी मच्छर अगरबत्ती पेटवून ठेवणारी घरे मी रोज पाहते. एक घर माझेच होते.

राहिली मापे. दुकानातले नव्या चालीचे सोफे जमिनीपासून चौदा-पंधरा इंचांवर, आणि आत इतके खोल की अम्मीचे पाय लहान मुलासारखे लोंबत. कारागिराने तिला एका स्टुलावर बसवले, खाली लाकडाचे तुकडे सरकवत गेला आणि तिचे तळवे टेकलेले असताना गुडघा मांडीच्या किंचित खाली आला, तिथे थांबला. अठरा इंच. खोली वीस इंचांपेक्षा जास्त नको. हात सपाट आणि भक्कम, कारण उठताना सगळा भार त्यांच्यावर. मग त्याने दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापे मागितली. नवा सोफा लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून परत गेल्याच्या कथा आमच्या कॉलनीत कमी नाहीत. मी बिछान्याचा सोफा, सोफा-कम-बेड, घेऊ का म्हणून विचारले. गावाकडचे पाहुणे येतात, त्यांना झोपायला लागते. तो म्हणाला, "उसमें उठने-बैठने की मजबूती कम हो जाती है. सोने के लिए खाट है ना आपकी?" होती. लोखंडी कॉट अजून होती.

रविवारी दोन पोरांनी सोफा जिन्याने वर आणला. कापड राखाडी, जाड, धुता येण्यासारखे. पोरे घामाघूम झाली होती. अम्मीने त्यांना बसायला सांगितले. दोघेही खाली फरशीवर बसले. "ऊपर बैठो," ती म्हणाली. "कपडे गंदे हैं, अम्मा," एक जण म्हणाला. "जिसने बनाया वो नीचे बैठेगा, तो मैं किस मुँह से ऊपर बैठूँ?" तिने सरबत आणायला मला आत पाठवले. मी पेले घेऊन आले तेव्हा ती दोघे सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली होती आणि मधोमध अम्मी, पाठ टेकून, तळवे जमिनीवर.

सोफा किंचित उंच झाला होता. कारागिराने संध्याकाळी येऊन चारही पायांचा अर्धा-अर्धा इंच करवतीने कापला. ते चार तुकडे अम्मीने टाकू दिले नाहीत. एक दाराला अडसर म्हणून आहे. तीन कॉटच्या पायांखाली आहेत. तिचा चौथा पाय त्या पुरानंतर थोडा वाकला आहे, त्यामुळे त्याला तुकडा लागत नाही.